कुरवंड्याची मुकी मिरची

कुरवंडे गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसायला लागतं. त्या कड्यावरच्या माळावर भिमाजीबुवांनी आगटी पेटवली होती. सारा गाव तिथं लोटला होता. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि तोंडाला म्हणून क्षणाची उसंत नाही, असे ते बुवा.

"बायांनो, ही आग साधी न्हवं! सातव्या पाताळातली हाय! माझ्या गुरूनं गिरनारावर एका पायावर हुबं राहून मिळवली!"

पाताळातली आग गिरनाराच्या शिखरावर कशी मिळाली, हे कुणी विचारलं नाही. बायांनी पटापट हात जोडले.

मीठमोहऱ्या नि मिरच्या उतरवून चुलीत टाकणं घरोघरची म्हातारी करते. ठसका लागला नाही तर दृष्ट होती म्हणायचं, की झालं. बुवांची करामत त्याच्या पुढची. दृष्ट कुणाची, हेसुद्धा त्यांची आग सांगायची. संशय असेल त्याचं नाव घ्यायचं आणि एक मिरची आगीत टाकायची. ठसका लागला तर मिरची बोलकी, तो माणूस सुटला. न लागला तर मिरची मुकी, चोर सापडला.

आज पुढं उभी होती नंदाबाई, आणि तिच्या लुगड्याला धरून तिची लेक झुंबर. दिवाळीपासून या पोरीचा शाळेतला आवाजच गेला होता. घरी दोन शब्द कसेबसे यायचे. पण शाळेत मास्तरांनी नाव घेतलं की ओठ शिवल्यासारखे. सकाळी पाटी दिसली की पोटात कळ. केस उपटून उपटून तिची एक भुवई अर्धी झाली होती.

"नावं घे, माउली," बुवा म्हणाले.

"माझी थोरली जाऊ."

आगटीच्या कडेला मिरची पडली. सारा घोळका ठो ठो खोकला.

"शेजारची अंबूबाई."

पुन्हा खोकला. अंबूबाई तिथंच उभी होती. ती खोकता खोकता ओरडली, "मेले, माझं नाव घेतीस व्हय गं? कालच ताक नेलंस की माझ्याकडनं!"

तिसऱ्या नावाला नंदाबाईनं पदर सावरला. नकळत ती पाऊलभर पुढं सरली आणि आगीकडं टक लावून म्हणाली, "ताजुद्दीन दुकानदाराची जैनब."

बुवांनी जाळात तुपाची धार सोडली. भडका पुरुषभर उठला. त्याच्या पोटात मिरची पडली आणि कोणी म्हणजे कोणी खोकलं नाही.

"घावली!" बुवा गरजले. "त्या पोरीची सावली शाळेत नको. नाव काढा तिचं, न्हाईतर हिचा आवाज कायमचा ग्येला!" आणि मंतरलेल्या मिरच्यांची मूठ त्यांनी नंदाबाईच्या ओटीत प्रसाद म्हणून घातली.

लोक हळहळले. झुंबर मुळुमुळु रडायला लागली. नंदाबाईला मात्र भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला पोटातून गार वाटलं.

ती जैनब! वर्गात पहिली. तिचे पाढे रस्त्यापर्यंत ऐकू यायचे. दिपोटीसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी तिला लाल पेन्सिल दिली होती, आणि तिची आई हसिना दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवायची. नंदाबाईला स्वप्नातही ती पेन्सिल दिसायची. त्या शाळेचा रिवाज असा होता, की एकाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याला विचारायचं. ज्याला आलं त्यानं चुकलेल्याचा कान पिळायचा आणि त्याच्या वरच्या जागेवर बसायचं. दिवाळीआधी जैनबनं झुंबरचा कान पिळला. तसा हलकाच पिळला. पण ते ऐकून नंदाबाई ताटावरून उठली. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला तिचा एकच सवाल, "आज जैनब कुटं बसली? आन् तू कुटं?" उत्तर मनासारखं नसलं की भाकरी तशीच पडून राहायची.

जैनबचं नाव शाळेतून काढा म्हणत गाव दत्तोबा मास्तरांकडं गेला. मास्तर शाळा चालवायचे आणि देवळात कीर्तनही करायचे. त्यांच्या कीर्तनाला आसपासच्या वाड्यांतून माणसं चालत यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शनिवारी मारुतीच्या देवळात कीर्तन आहे. बुवांनाही घेऊन या. त्यांची आग खरी ठरली तर पोरीचं नाव मी माझ्या हातानं काढीन."

तोवर जैनब घरी बसली. एका दुपारी हसिना नंदाबाईच्या दारात आली.

"वैनी, माझ्या पोरीनं काय केलं वो? खात न्हाई, पित न्हाई. झुंबरला भेटू द्या म्हनती."

"मला काय इचारतीस? आगीला इचार," म्हणत नंदाबाईनं दार लोटलं.

लोटलं खरं, पण माळावरचा तो गारवा आता पुरेना. तो पुन्हा चाखावा म्हणून तिनं बुवांच्या प्रसादातली मिरची घेतली, जैनबचं नाव घेतलं आणि ढणढणत्या चुलीत टाकली. मिरची मुकी जळाली. बरं वाटलं. जरा वेळानं भाकरी शेकायला तिनं लाकडं मागं ओढली, इंगळ पुढं घेतले, आणि मोह आवरेना म्हणून तेच नाव घेऊन आणखी एक मिरची इंगळावर टाकली. असा ठसका उठला, की डोळे पुसत तिला अंगणात पळावं लागलं.

नाव तेच आणि मूठही तीच. मग एक मुकी आणि एक बोलकी कशी? तिला कळलं. कळलं, आणि तिनं ते गिळून टाकलं. जैनब घरी बसली आहे, ती बसू दे.

शनिवारी दिवेलागणीला देऊळ भरलं. हसिना जैनबला घेऊन नेहमीसारखी पायरीवर बसली. ती दरवेळी तिथूनच कीर्तन ऐकायची. मास्तर उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, मृदंग घुमला. लेकरू हाच देवाचा सोपा अवतार, असं त्यांनी पूर्वरंगात लावून धरलं. उत्तररंगाला आले आणि त्यांनी दोन शेगड्या मागवल्या. एकीत तूप घालून जाळ, दुसरीत नुसते इंगळ.

"मंडळी, झुंबरला दृष्ट लागली म्हणतात. मला एकाचा संशय आहे." मास्तरांनी हात वळवला. "हे समोर उभे आहेत, मारुतीराय!"

देवळात कुजबुज उठली. मास्तरांनी जाळात मिरची टाकली. कोणी खोकलं नाही.

"मुकी! आता काय करता? काढा मारुतीरायाला देवळाबाहेर!"

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी दुसरी मिरची इंगळावर टाकली. मृदंगवाला खोकून खोकून वाकला, पुढच्या रांगेनं पदर नि उपरणी नाकाला लावली.

"बोलकी! सुटले बरं का मारुतीराय. अहो, मंद इंगळावर मिरचीचा तिखटपणा धुरातून वर येतो आणि घसा धरतो. भडक्यात तो धूर होण्याआधीच जळून जातो. त्यात माळावर कोकणातून चढणारा वारा, उरलंसुरलं तोच नेतो. आणि कुणाच्या नावाला भडका करायचा, हे बुवांना आग सांगत नाही. नाव घेणाऱ्या माणसाचं तोंड सांगतं."

भिमाजीबुवा उसळले. "ह्या बाजारच्या मिरच्या! माझ्या मंतरलेल्या न्हवंत! आन् देवाची चेष्टा केलीस मास्तर, आता त्या पोरीचा आवाज ग्येलाच म्हून समज!"

हसू विरलं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर? सगळे नंदाबाईकडं पाहू लागले. झुंबर तिच्या मांडीवर होती, एका हातानं भुवई उपटत, डोळे पायरीकडं. नंदाबाई गप्प बसली असती तर जैनबची शाळा त्या क्षणी संपली असती. तिला ते पुरतं ठाऊक होतं.

तिनं पोरीचा भुवईवरचा हात धरला. आणि उठली.

"मिरच्या बुवांच्याच व्हत्या," ती म्हणाली. "परसादातल्या. माझ्या चुलीत जाळात मुकी जळली, इंगळावर बोलली. नाव एकच घेतलं व्हतं मी. जैनबचं."

अंबूबाईनं पदर खोचला. "ए बुवा, हिकडं ये! तुझ्या नावाची यक मिरची टाकू दे!" बुवांनी कवड्या सावरल्या आणि अंधारात कड्याची वाट धरली.

"पर मास्तर," नंदाबाईनं विचारलं, "मग माझ्या पोरीचा आवाज ग्येला कुटं?"

"मला नाही ठाऊक. आगीला विचारून झालं. पोरीला विचारलंय का कुणी?"

झुंबर उठली. माणसांतून वाट काढत पायरीवर गेली, जैनबला चिकटून बसली. बऱ्याच वेळानं तिथून बारीक आवाज आला.

"मला येतं समदं. पर जैनबचं चुकल्यावर मी उत्तर दिलं तर तिचा कान पिळावा लागतो. न्हाई दिलं तर आई जेवत न्हाई. म्हून मी बोलतच न्हाई."

मास्तरांच्या हातातल्या चिपळ्या खाली आल्या. "रिवाज माझा होता," ते म्हणाले. "सोमवारपासून बंद. कान नाही, वरची जागा नाही. सगळे गोल करून बसतील."

नंदाबाई पायरीपर्यंत गेली. हसिनाकडं बघायचा धीर तिला झाला नाही. ती नुसती तिच्या शेजारी टेकली आणि हसिनानं जरा सरकून जागा केली.

एका कीर्तनानं मत्सर जात नाही. पुढंही जैनबचे पाढे रस्त्यावर ऐकू आले की नंदाबाईला टोचायचं. पण त्या आवाजात आता आणखी एक बारका आवाज मिसळलेला असायचा, आणि तिन्हीसांजेला ती जैनबचं नाव न काढता पोरीबरोबर जेवायला बसायची.

बाबांनो, कीर्तन ऐका, देवाला हात जोडा, त्यात कमी करू नका. पण लेकरू शाळेत मुकं झालं, तर त्याचं दुखणं मिरचीला विचारू नका. ते दुखणं लेकराला ठाऊक असतं. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि ते बोलेपर्यंत बसून राहा.