वीज पडलेल्या बोरीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. पोस्टाचा नाही, कचेरीचा नाही, एका माणसाच्या नावाचा. आमच्या देशात जिथं सही करायची तिथं नावाचा शिक्का उठवतात, म्हणून ज्याला नाव आहे त्याच्याकडे शिक्का असतोच. मी करंगळीएवढा आहे, बोरीच्या लाकडाचा आहे आणि ती बोर साधीसुधी नव्हती. तिच्यावर वीज पडली होती.

वीज पडलेल्या बोरीच्या लाकडाला भुतं घाबरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ते खरं आहे, पण अर्धंच. भुतं माझ्या जवळ येत नाहीत, पण ती मला दिसतात. तीही रात्रीबेरात्री नव्हे, चांगली दिवसाढवळ्या. मला कोरणाऱ्यालासुद्धा हे ठाऊक नव्हतं.

नाकदोंग नदीच्या काठी क्वाक घराण्यातल्या एका माणसाला केस पिकल्यावर मुलगा झाला. त्यानं त्याचं नाव ठेवलं मान-दुक, म्हणजे 'उशिरा लाभलेला'. बापाचा सगळा जीव त्या पोरात. मुलाला कसली बाधा होऊ नये म्हणून त्यानं बाजारच्या दिवशी कोरणाऱ्याला गाठलं आणि माझ्यावर ते नाव कोरून घेतलं.

"लाकडात विजेची बारीक चीर आहे," कोरणारा म्हणाला. "ठशात उमटेल. दुसरं लाकूड घेऊ का?"

"उमटू दे. तेवढीच ओळख," बाप म्हणाला.

आता आमच्या मुलखाची एक खोड सांगतो. दक्षिणेकडच्या आमच्या माणसांच्या जिभेला 'दुक' आणि 'दोक' यांतला फरक जमत नाही. सांगायचं असतं दुक, तोंडातून निघतं ते दोक. त्यांच्या कानालाही दोन्ही सारखेच. राजधानीचे लोक यावरून आम्हाला हसतात आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसून घेतो. पण दुक म्हणजे लाभ आणि दोक म्हणजे पुण्य. अक्षर बदललं की माणूस बदलतो.

लढाई आमच्या नदीपर्यंत आली त्या उन्हाळ्यात मान-दुक मिसरूड फुटलेला पोरगा होता. वाटेवरून धरून त्याला शाळेच्या पटांगणात नेलं. आईनं घाईघाईत मला एका कापडी पिशवीत घालून त्याच्या गळ्यात बांधलं होतं. पटांगणात उत्तरेकडून पळून आलेला एक कारकून टेबल मांडून बसला होता. लांबून तोफा ऐकू येत होत्या आणि रांग संपत नव्हती.

"नाव?"

"क्वाक मान-दुक."

कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. मान-दोक. मग शिक्का मागितला, मला शाईच्या लाल गादीवर दाबलं आणि त्या नावापुढं उठवलं. माझ्या ठशात 'दुक' होतं, त्याच्या अक्षरात 'दोक' होतं, दोन्ही एकमेकांना खेटून. मान-दुकला वाचता येत नव्हतं आणि कारकुनाला वर बघायला फुरसत नव्हती. मित्रांनो, तुमच्याकडे मुद्दाम कुणी ध चा मा करतं. इथं कुणाच्याच मनात पाप नव्हतं. तरीही त्या क्षणी मला गार वाटलं, जणू माझ्याच सावलीला कुणीतरी नाव दिलं.

मान-दुकचं काम होतं होडीतून जखमी अलीकडच्या काठाला आणण्याचं. वरून गोळ्या पडत असताना तो जात राहिला, येत राहिला. शेवटच्या खेपेला होडी उलटली. पलटणीनं काठावरून पाहिलं आणि क्वाक मान-दोक बुडाला म्हणून वर कळवलं. त्याच्या नावानं शौर्यपदकही मंजूर झालं.

मी त्याच्या गळ्यात होतो. मी पाण्याखाली जे पाहिलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मान-दुक हातपाय मारत प्रवाहाबरोबर खाली चालला होता. आणि त्याच्यापासून चार-पाच हात अंतरावर आणखी एक जण उभा होता. पाण्याखाली, सरळ, डोळे उघडे. तोच चेहरा, तोच गणवेश. तो पोहत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता.

मान-दुक खूप खालच्या एका गावाला लागला, तापानं फणफणला. बरा झाला तेव्हा पलटण कुठल्या कुठं गेली होती. मग तो हमालांच्या टोळीत शिरला आणि लढाई संपेपर्यंत पाठीला अडकवलेल्या लाकडी चौकटीवर तोफगोळे लादून डोंगर चढत राहिला. हमालांची नोंद कोण ठेवतो? तो घरी आला तेव्हा क्वाक मान-दुक नावाचा माणूस फौजेत होता, असं सांगणारा कागदाचा कपटाही कुणाला सापडत नव्हता.

गावाला मग एकच गोष्ट सुचली. हा पोरगा डोंगरात लपून बसला असणार. शेजारच्या प्यो चुन-बेचा थोरला भाऊ त्याच नदीवर मारला गेला होता, म्हणून चुन-बेचा राग मोठा. "काय रे डोंगऱ्या," तो भर रस्त्यात विचारायचा, "डोंगरातली बोरं गोड होती का?" मान-दुक आधी भांडायचा, मग नुसतं हसायचा, मग तेही बंद झालं. डोंगऱ्या हे नाव मात्र चिकटलं. त्याच्या मुलाला शाळेत डोंगऱ्याचा म्हणायचे, पुढं नातवालाही. हे मान-दुकला फार लागे.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी शहीद दिन असतो. सकाळी देशभर भोंगा वाजतो आणि जो जिथं असेल तिथं मान खाली घालून उभा राहतो. शेतातला शेतात, रस्त्यातला रस्त्यात. त्या मिनिटाला सगळं गाव चित्रासारखं थांबतं. मान-दुक तेव्हा घरातच बसायचा. बाहेर उभं राहायचा हक्क आपल्याला नाही, असं तो बायकोला म्हणायचा.

पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा मी खिडकीत होतो. सगळे थांबले होते. लांब नदीच्या बांधावर एकच माणूस चालत होता.

पुढच्या वर्षी तो भाताच्या खाचराशी होता. मग केव्हातरी वाटेवर. मग तेंडूच्या झाडाखाली. फक्त भोंग्याच्या मिनिटात तो पुढं सरकायचा, भोंगा थांबला की दिसेनासा व्हायचा. मान-दुकची पाठ वाकली, दात पडले, पण तो पाण्याखालचा विशीच्या आतलाच राहिला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत असे. शेवटी तो फाटकापाशी आला आणि माझ्यामुळं तिथंच थांबला. कित्येक वर्षं थांबला. त्याचे डोळे दारावर असत, आणि मला त्याच्यात राग कधी दिसला नाही. ज्याला मरण मिळालं पण जन्म मिळाला नाही, असा तो जीव. त्यानं जावं तरी कुठं?

मान-दुक नव्वदीला टेकला तेव्हाची गोष्ट. एका वसंतात गावच्या मुखियानं ध्वनिक्षेपकावरून हाक दिली, "क्वाक मान-दोक यांचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनी समाजघरात यावं!" मुखियाही आमच्याच मातीतला. मान-दुकला वाटलं आपल्यालाच बोलावलं. काठी टेकत तो गेला. मी त्याच्या खिशात होतो.

समाजघरात राजधानीहून आलेली एक तरुण बाई बसली होती. तिचं नाव ओक हे-रिन. ज्यांची पदकं कुणी नेलीच नाहीत अशा शिपायांचा ती शोध घेत असे.

"आजोबा, क्वाक मान-दोक तुमचे कोण?"

"कोण म्हणजे? मीच की."

"ते तर लढाईत गेले."

"मग मी भूत असेन," मान-दुक म्हणाला. "पण गुडघे दुखणारं भूत पाहिलंस का कुठं?"

ओकबाई हसल्या आणि लेखणी उघडून म्हणाल्या, "बरं, तुमचं नाव सांगा."

"क्वाक मान-दुक."

त्यांनी लिहिलं, 'मान-दोक'. मग थबकल्या. "आजोबा, दुक की दोक?"

"दुक!"

"तेच विचारतेय. दुक, की दोक?"

"अगं पोरी, दुक म्हणतोय ना केव्हापासून! बहिरी आहेस का?"

त्याची बायको हामानबाई मागून धापा टाकत आली होती. हामान तिचं माहेर, म्हणून गाव तिला तसंच हाक मारी. "त्यांचे दात नाहीत हो. मी सांगते नीट. दोक!"

ओकबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बदलला होता. "आजोबा, या नावाचा अर्थ काय?"

"बापाला मी म्हातारपणी लाभलो. उशिरा लाभलेला."

"म्हणजे दुकच," त्या हळूच म्हणाल्या. "आणि भरतीच्या वेळीही तुम्ही असंच सांगितलं असणार." त्यांनी पिशवीतून भरतीच्या पानाची प्रत काढली. "इथं शेजारी एक ठसा आहे. पुसट आहे, मधे काहीतरी रेघ आहे. मला वाटायचं कागदाला घडी पडली असेल."

मान-दुकनं मला खिशातून काढलं. कोऱ्या कागदावर दाबलं. माझं अक्षर उमटलं आणि त्यातून आरपार गेलेली विजेची चीरही. ओकबाईंनी दोन्ही ठसे शेजारी ठेवले. चीर दोन्हीकडे एकाच जागी होती.

काही आठवड्यांनी ओकबाई दुरुस्तीचा अर्ज घेऊन घरी आल्या. ओसरीवर बसून त्यांनी समजावलं. नाव दुरुस्त होईल, आणि 'मृत' ही नोंद खोडली जाईल. मान-दुकनं मला हातात धरलं, पण गादीवर टेकवलं नाही.

"त्याचं काय होणार?"

"कुणाचं, आजोबा?"

"त्या दोकचं."

"तो कधी नव्हताच."

फाटकाकडून कुत्रं कण्हत आत आलं आणि ओसरीखाली शिरलं. मी पाहिलं. भोंगा नव्हता, शहीद दिन नव्हता, तरी तो फाटकात उभा होता.

हामानबाईनं नवऱ्याचा हात धरला. "अहो, नका उठवू शिक्का. इतकी वर्षं तुमचं मरण त्याच्याकडे आहे. ते खोडलं की मोकळं होईल. मोकळं झालेलं मरण घर शोधत येतं."

"नव्वदीच्या माणसाकडे मरण आलं तर येऊ दे. त्याला सातूचा चहा पाज," मान-दुक म्हणाला. "पण माझ्या नातवाच्या पोरांना कुणी डोंगऱ्याची म्हणू नये. दुसऱ्याच्या नावानं शूर आणि स्वतःच्या नावानं पळपुटा, असं मला मरायचं नाही गं."

आणि त्यानं मला दाबलं. सगळा जोर लावून. त्या ठशासरशी फाटकावरचा माझा अडसर सुटला.

ओकबाई निघाल्या आणि पायरीवर थांबल्या. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. फाटकापासून ओसरीपर्यंत सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे होते, आत येणारे. परत जाणारे नव्हते. त्यांनी हामानबाईकडे पाहिलं. हामानबाई आत गेली आणि जेवणाच्या चौरंगावर भाताचा आणखी एक वाडगा ठेवला.

पुढच्या शहीद दिनी शाळेच्या त्याच पटांगणात पदक द्यायचा समारंभ झाला. भोंगा वाजला, आणि मान-दुक आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बाहेर उभा राहिला. मग कर्नलसाहेबांनी कागद हाती घेतला. कागदावर आता बरोबर लिहिलं होतं. पण कर्नलही आमच्याच नदीकाठचे. त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "क्वाक मान-दोक!"

"हजर!" मान-दुक म्हणाला.

"हजर!" त्याच्या मागून एक कोवळा आवाज म्हणाला.

ध्वनिक्षेपक करकरला. कर्नलनी मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं. मग पुढं येऊन पदक लावू लागले. म्हाताऱ्याचा सदरा कडक इस्त्रीचा, कोरडा होता. तरी कर्नलच्या पांढऱ्या हातमोज्यावर पाण्याचे थेंब पडले.

समारंभानंतर प्यो चुन-बे जवळ आला. डोक्यावरची टोपी त्यानं हातात घेतली होती. "मान-दुक," तो म्हणाला. किती वर्षांनी त्यानं नावानं हाक मारली! "मी लई बोललो तुला. माझी जीभ झडली नाही हेच नवल." जरा थांबून त्यानं विचारलं, "तुझ्या मागं कोण उभा होता रे?"

"माझ्या वाट्याचा मेलेला," मान-दुक म्हणाला. "आज त्याला सुट्टी मिळाली."

त्याच शरदात, तेंडू पिकायच्या वेळी, मान-दुक झोपेतच गेला. हामानबाई रडली, पण तिला नवल वाटलं नाही. शिपायांच्या स्मशानभूमीत त्याचा दगड आहे, त्यावर 'दुक' नीट कोरलं आहे. मी हामानबाईच्या शिवणाच्या डब्यात असतो. भोंगा वाजतो तेव्हा ती मला मुठीत घेऊन अंगणात उभी राहते. बांध, खाचर, तेंडूचं झाड, फाटक, सगळं रिकामं असतं. माझ्यासारख्या शिक्क्याला एवढं पुरेसं असायला हवं. पण खरं सांगतो, मला त्या भिजलेल्या पोराची आठवण येते.

मित्रांनो, कुणी नाव सांगितलं तर घाई असली तरी पुन्हा एकदा विचारा. चुकीचं लिहिलेलं नाव रिकामं राहत नाही, त्यात कुणीतरी येऊन उभं राहतं, आणि त्याला जायला जागा नसते. तुमच्या घरातले जुने कागदही एकदा काढून बघा. आजोबांच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असेल, तर आजच दुरुस्त करून घ्या. कारण त्या नावातला तो निघाला असेल, आणि त्याला अडवायला तुमच्या घरात वीज पडलेल्या बोरीचा शिक्का नाही.