बारावं मशीन

बाळांनो, अशी कल्पना करा: शाळेच्या संगणक कक्षात बारा मशीनची तपासणी चालू आहे, आणि बाराव्यात गडबड तुम्हीच करून ठेवली आहे. सुदामा नगरातली श्रेया तशीच भिंतीला टेकून उभी होती.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामसाठी काही चिठ्ठ्या लावून ठेवते. प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे, तेही त्यात लिहिलेलं असतं. या चिठ्ठ्या म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. फोल्डरांच्या त्या यादीत श्रेयाने आपल्या खेळाचं फोल्डर घुसवलं होतं, नाव टाइप केलं की खेळ चालू व्हावा म्हणून. पण त्याच वाटेने कुणाचाही प्रोग्राम शिरू शकतो, म्हणून परक्या फोल्डरला सक्त मनाई होती. तपासणीत पडद्यावर एक जरी लाल ओळ आली, तरी कक्ष वर्षभर बंद.

"काय श्रेयाजी, पोहे पचले नाही का?" लॅब सांभाळणारा नंदू कुजबुजला.

"चुप बस ना भिया."

तपासनीस निशांत सरांनी पेनड्राइव्ह बाराव्या मशीनला लावला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला आणि ऑडिट टूल, म्हणजे तपासणीचा प्रोग्राम, सुरू केलं. ते आपोआप एकेक चिठ्ठी वाचू लागलं. सुहासिनी मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तीन वर्षं अर्ज करून त्यांनी हा कक्ष मिळवला होता.

पडदा हिरवा झाला.

"बारा, ओके. एकदम क्लीन, मॅडम. सही करून द्या."

"चला, सुटलो एकदाचे." मॅडम सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

श्रेयाचे खांदे सैल पडले. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे लिहिलं होतं: अ‍ॅडमिन. तिने बदल केला होता तो स्वतःच्या लॉगिनमध्ये, आणि प्रत्येक लॉगिनच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. टूलने तिच्या चिठ्ठ्या उघडल्याच नव्हत्या. कुठल्याच मुलाच्या उघडल्या नव्हत्या.

"सर, मुलांच्या लॉगिनमधून चेक नाही केलं?"

"अगं, टूल बरोबर सगळं बघतं. दहा शाळा झाल्या माझ्या याच्यावर."

नंदूने तिच्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

श्रेया खुर्ची ओढून बाराव्या मशीनसमोर बसली. अ‍ॅडमिनमधून बाहेर पडून तिने आपलं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला आणि पेनड्राइव्हवरचं तेच टूल पुन्हा सुरू केलं.