टेपने मोजलेली मावशी

डोळे मिटा पाहू क्षणभर. भिंतीवर जगाचा नकाशा आहे, खाली शिलाई मशीन खडखडतंय, आणि स्टुलावर चवडे उंचावून एक मुलगी आईच्या टेपने नकाशा मोजतेय. दिसली? तीच मिरची. खरं नाव शाळेपुरतं, घरी मिरचीच.

तिची मावशी जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात नर्स होती. ती फोनवर म्हणाली होती, "यंदा सुट्टी चिमूटभरच गं. ज्याचं शहर जवळ, त्याच्याकडे येईन. मिरचे, तूच मोजून ठेव, संध्याकाळी सांग."

दुसरा दावेदार म्हणजे मावसभाऊ ढब्बू. गेल्या खेपेला मावशी त्याच्याकडेच राहिली होती. तिच्या कुशीत शिरलेल्या ढब्बूचा फोटो आठवला, की मिरचीचा अजून जळफळाट व्हायचा.

आणि आता टेपही त्याच्याच बाजूची! ढब्बूचं शहर बोटभर जवळ निघालं.

"टेप खोटारडी आहे!" मिरचीने ती जमिनीवर आपटली.

"उचल आधी. त्या टेपवर आपलं घर चालतं," आई म्हणाली. "टेप खरीच आहे, तुझी रीत चुकली. टोपीचं माप मी कागदावर घेते का? डोक्यावरून घेते. मग पृथ्वी काय पापुद्र्यासारखी चपटी आहे?"

आईने कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली आणि त्यावर मावशीच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत दोरा ताणला. दोरा सरळ आडवा राहीचना. सरकत सरकत तो वर, बर्फाच्या मुलखावरून गेला. तीच सर्वांत जवळची वाट. मिरचीचं शहर ढब्बूच्या शहराच्या उत्तरेला होतं, म्हणून मिरचीच्या शहरापर्यंत दोरा कमी लागला.

"जिंकले! आता बसू दे ढब्बूला अंगठा चोखत!"

"आणि वेळ?" आईने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "त्याच्याकडे थेट विमान जातं. इकडे यायचं तर वाटेत विमान बदला, अर्धा दिवस बाकड्यावर काढा."

मिरचीचा चेहरा पडला. "तिने जवळ कोण ते विचारलंय. लवकर कोण ते कुठे विचारलंय?"

मशीन पुन्हा खडखडू लागलं. मिरची दोऱ्याशी चाळा करत बसली. मग सहज तिने तो आपल्या शहरापासून ढब्बूच्या शहरापर्यंत धरला. जेमतेम नखाएवढा!

फोन वाजला.

"मावशी, अंतर आमचं कमी आहे," मिरची म्हणाली. "पण ढब्बूकडे यायला वेळ कमी लागतो. बाकड्यावर नको बसूस. त्याच्याकडेच ये."

"अगं माझी शहाणी..."

"थांब, झालं नाही अजून! मीही बसने तिकडे येणार. आणि झोपताना तू मधे. तुझा उजवा हात माझा, डावा त्याचा. त्याला आत्ताच सांगून ठेव!"

फोन ठेवून तिने कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि त्यात सगळ्यात आधी उशी कोंबली.