सांजेच्या धारेला उतरलेला गिअरबॉक्स

एखादी वस्तू एका घरातून दुसऱ्या घरी जाते, तेव्हा तिच्याबरोबर एक विश्वासही जात असतो. देणाऱ्याने वस्तूचे गुण सांगावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु तिची खोडही त्याच तोंडाने सांगावी, यात त्याची प्रतिष्ठा आहे. आणि ती खोड देणाऱ्यालाच उमगलेली नसेल तर? मित्रांनो, अशा वेळी सज्जन माणसे कशी वागतात, हे पाहण्याचे भाग्य मला लाभले.

मी एका जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स आहे. लोक अशा उंच, भारदस्त मोटारीला एसयूव्ही म्हणतात. माझे काही अवयव येथल्याच शिरोलीच्या एका ओतशाळेत ओतले गेले, काही समुद्रापलीकडून आले. इंजिनाजवळ सामर्थ्य असते आणि चाकांजवळ गती. त्या दोघांचा मेळ घालणे हा माझा धर्म. चढ आला की बळ वाढवून द्यावे, सपाटी आली की वेग द्यावा, आणि हे सारे चालकाला न कळता करावे. मी स्वयंचलित जातीचा असल्यामुळे माझे काम कोणाच्या हाताला जाणवतसुद्धा नाही.

माझे पहिले धनी कसबा बावड्याचे विजयसिंह. ते साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. उसाचे फड पाहण्यासाठी त्यांनी मला चिखलवाटांतून, ओढ्यांतून, मुरमाड चढांवरून नेले. मोटारीला त्यांनी लेकीसारखे जपले. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालीत. त्यांच्या पत्नी पूर्णिमाताई चारी चाकांना हळदकुंकू वाहत. मी मात्र तळाशी, अंधारात. माझ्यातले तेल आयुष्यभर पुरते, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. त्यामुळे मला उघडून पाहावे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

तेल हळूहळू काळवंडले. थंड असताना मी पूर्वीसारखाच चाले; परंतु लांबच्या चढावर तापलो की दुसऱ्या गतीतून तिसऱ्या गतीत जाताना अडखळू लागलो. विजयसिंहांचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय मोठा समंजस. मी अडखळण्याच्या आधीच तो नकळत हलका होई, मला सवड देई आणि मग पुन्हा दाबला जाई. त्यांना वाटे, मोटार चालवण्याची हीच रीत आहे.

पुढे त्यांची दृष्टी मंदावली आणि मोटार विकायचे ठरले. सांगलीचे एक गृहस्थ तर एका फेरीतच पसंत करून गेले होते. तेवढ्यात नेसरीहून बाळासो आले. दुधाचा धंदा करणारे शेतकरी, आवाज खणखणीत. सोबत त्यांची सून संयोगिता. ती जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून तिला बोलावणे येई आणि घाटवाटांनी एकटीने जावे लागे. मोटार हवी होती ती तिच्यासाठी.

बाळासोंनी मोटारीभोवती चक्कर मारली आणि बॉनेटवर म्हशीच्या पाठीवर टाकावी तशी थाप टाकली.

"दिसाय झ्याक हाय, पावणं. पर म्हस घेताना आमी दोन धारा आपल्या हातानं काढून बघतो. एक सकाळची, एक सांजची. हिच्याबी बघणार."

पूर्णिमाताईंना हसू आवरेना. "अहो, हिच्या धारा कशा काढणार?"

"सकाळी थंडी हाय तवर एक फेरी, आन् सांजला तापवून, वज्जं घालून एक चढ. एका धारंवर म्हस घेणारा घरला जाऊन कपाळ बडवतोय बघा, वैनी."

विजयसिंहांनी आनंदाने मान्यता दिली. त्यांच्या मनात कसलाच संशय नव्हता.

सकाळची फेरी निर्दोष झाली. बाळासोंनी मान डोलावली. दुपारी त्यांनी मागे पेंडीची पोती रचली आणि ऊन उतरू लागताच आम्ही पन्हाळ्याकडे निघालो. चालवायला संयोगिता, शेजारी विजयसिंह, मागे पोत्यांना टेकून बाळासो.

वाघबीळ मागे पडले. चढ लागला. मी तापलो होतो. एका वळणावर संयोगिताने पाय दाबला. इंजिन गर्जले, पण ते बळ चाकांपर्यंत पोहोचवणे मला साधेना. मोटार क्षणभर लुळी पडली, मागून येणाऱ्या बसने कर्कश भोंगा वाजवला, आणि मग असा हिसका बसला की पोती बाळासोंच्या अंगावर आली.

"आर्र! पान्हा चोरती की ओ ही!" पोत्याखालून आवाज आला.

संयोगिताने मोटार कडेला घेतली.

"तसं काही नाही," विजयसिंह घाईने म्हणाले, "इथं पाय जरासा उचलायचा असतो, बाळ. मी नेहमी…"

आणि ते थांबले. स्वतःचेच शब्द त्यांनी जणू प्रथमच ऐकले होते.

बाळासोंचे मन मोटारीवर जडले होते. कपडे झटकत ते म्हणाले, "मग शिकंल की पोरगी पाय उचलायला. त्यात काय एवढं?"

"शिकेन हो, आबा," संयोगिता सासऱ्यांना म्हणाली. "पण म्हैस विताना अडलेली असली की घाट चढताना माझं ध्यान म्हशीकडं असणार. तेव्हा पाय उचलायचा राहिला, तर मागची बस थांबणाराय व्हय?"

बाळासोंनी घसरलेली पोती पुन्हा सरळ रचायला घेतली.

विजयसिंह दरीकडे पाहत शांतपणे म्हणाले, "ही खोड मला खोड वाटलीच नाही. माझ्या पायाला तिची सवय झाली होती. बाळासो, अशी गाडी मी तुम्हाला देणार नाही. आणि सांगलीच्या पावण्यांनाही देणार नाही. आधी उघडून बघू."

मित्रांनो, त्या उताराने परतताना मी मनोमन त्या गृहस्थाला वंदन केले. खोड दाखवून देणाऱ्यावर रागावणे किती सोपे होते!

उद्यमनगरातल्या ख्वाजाभाई मिस्त्रींनी मला प्रथमच प्रकाशात आणले. डांबरासारखे तेल भांड्यात उतरले. तळाच्या चुंबकावर लोखंडाची बारीक भुकटी जमली होती.

"सायेब, घोडा पळवलासा भरपूर," ख्वाजाभाई म्हणाले, "पर पाणी पाजायचं इसरलासा की."

"आयुष्यभराचं तेल आहे म्हणाले होते, ख्वाजाभाई."

"कुणाच्या आयुष्याचं, ते न्हाई इच्यारलं व्हय?"

विजयसिंह मोकळेपणाने हसले. ख्वाजाभाईंनी झिजलेल्या चकत्या बदलल्या, माझे अंतरंग स्वच्छ केले, लालभडक नवे तेल भरले. किती निगुतीने, किती ममतेने!

पुन्हा तीच सांज, तीच पोती, तोच चढ. संयोगिताने त्याच वळणावर मुद्दाम पाय दाबला आणि दाबलेलाच ठेवला. मी तापलो होतो. पण इंजिनाचे सारे बळ मी अलगद चाकांच्या ओंजळीत ठेवले. गडाचा दरवाजा दिसेपर्यंत मागचे एकही पोते जागचे हलले नाही.

"आता सोडला बघा पान्हा!" बाळासोंनी विजयसिंहांच्या खांद्यावर थाप टाकली.

किल्ली देताना विजयसिंहांनी तिचे जुने कडे काढून घेतले. म्हैस देताना धनी तिच्या गळ्यातले दावे स्वतःजवळ ठेवतो, हे बाळासोंनीच त्यांना सांगितले होते. नवे कडे बाळासोंनी येतानाच खिशात आणले होते.

नेसरीच्या दारात बाळासोंच्या पत्नी शालूबाईंनी मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळला, चाकांना कुंकू लावले. सारी हकिकत ऐकून त्यांनी विचारले, "मग ज्यानं पान्हा चोरला, त्यो कुटं असतोय ग?"

संयोगिताने खाली बोट दाखवले. ती वृद्ध माउली गुडघ्यांवर टेकली, मोटारीखाली हात घातला आणि माझ्या कोमट धातूवर चाचपडत कुंकवाचे बोट टेकवले.

मित्रांनो, जुनी मोटार घेताना तिच्या रंगावरून हात जरूर फिरवा. पण तिला तापवा, चढावर न्या, आणि तळाशी राहणाऱ्याची विचारपूस करा. त्याचे तेल वेळेवर बदला. जो दिसत नाही, तोही थकतो.

आज मी डोंगरवाटा चढतो आहे. कोणा गोठ्यात वासरू जन्माला येते, आणि त्या वाटेवर थोडे बळ माझेही लागलेले असते. ज्यांनी माझी खोड पाहिली, ज्यांनी ती मान्य केली, ज्यांनी ती दूर केली आणि जिने मला कुंकू लावले, त्या सर्वांच्या वाटा सुखाच्या होवोत. त्यांच्या घरी दूधदुभते नांदो, आणि सांज होताच प्रत्येकजण सुखरूप घरी परतो.