पाय आलाय जी

बायनाबाईनं बाभळीचा काटा उजव्या पायाच्या अंगठ्यात रुतवला आणि लिंबाजीच्या तोंडाकडं पाहिलं. रक्ताचा थेंब वर आला. काटा दुसऱ्याच कुणाच्या पायात गेला असावा तशी ती बसून राहिली.

"कळायलंय का?" लिंबाजीनं विचारलं.

"न्हाई."

"टाचंला टोचून बघ."

"काल बघितलं की. मुडद्याला कितींदा टोचावं माणसानं?"

लिंबाजीनं काटा उपटून फेकला. नवरा-बायकोचा हा रोज सकाळचा नेमच झाला होता. परभणीच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय तिला स्वतःलाच ओळखू आला नव्हता. घोटा सुजून वाकडा गोळा झालेला, पोटरी वाळून काडी झालेली. हाड जुळलं होतं, पण शीर दबली होती. "मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवत जा," डॉक्टरनं सांगितलं होतं, "पण पाणी आधी हातानं बघ, पायाला चटका कळायचा नाही. बोटं हलवत राहा. आणि दुखायला लागलं तर घाबरू नको. दुखलं की पाय जिवंत झाला समज." आता दुखण्याची वाट बघणारं माणूस कुणी पाहिलंय? पण बायनाबाई बघत होती. निदान लिंबाजीला तरी तसं वाटत होतं.

लिंबाजीला गाव सोडायचं होतं. आखाड सरता सरता औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि ज्या गावातल्या कुणी त्या विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती, त्या गावात बौद्धवाड्यातली घरं पेटली. लिंबाजीचं घर पेटलं. आता चार जळक्या भिंतींवर पत्रे टाकून दोघं राहत होती. परभणीला बायनाबाईचा भाऊ होता. लिंबाजीच्या म्हाताऱ्या आईला त्यानं आधीच नेलं होतं. मोंढ्यात हमाली लावून देतो म्हणत होता. पिंगळीच्या स्टेशनापर्यंत चालत जायचं आणि गाडीत बसायचं, एवढंच काम. बैलगाडी मागता आली असती, पण ज्यांच्याकडं बैलगाड्या होत्या त्यांच्या दारात उभं राहायची लिंबाजीची तयारी नव्हती.

"पाय धड होऊ द्या, मग जाऊ," बायनाबाई म्हणायची. आणि मनात म्हणायची, कशाला जायचं?

त्याचं कारण असं, की बायनाबाई पायाळू होती. आईच्या पोटातून सगळी माणसं डोक्याकडून येतात. जे पायाकडून येतं ते पायाळू. त्यानं पाय लावला की कमरेत भरलेली उसण निघते, लचक उतरते, मुरगळलेला घोटा सुटतो, असं सारा मुलूख मानतो. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. बायनाबाईच्या घरावर पडली ती निराळीच वीज. तर या एका पायापायी गावातल्या मोठ्यामोठ्या घरांतून तिला बोलावणं यायचं. एरवी जिची सावली चुकवायची, तिचा पाय पाठीवर घ्यायला भलेभले पालथे पडायचे. तिनं परसदारी जायचं, बाहेरूनच "पाय आलाय जी!" अशी हाक द्यायची, दार उघडायचं, घरातल्या बाईनं वरून धार धरून तिचा पाय धुवायचा, मग तिनं तीनदा पाय लावायचा. ती गेली की दुखणेकऱ्यानं आंघोळ करायची. उसण पायानं जायची आणि पायाचा विटाळ पाण्यानं. हा हिशोब बायनाबाईला ठाऊक होता. ठाऊक असूनही तिला त्या हाकेचा मान वाटायचा, हे काही खोटं नाही. परभणीत तिला कोण हाक मारणार होतं?

त्याच दिवशी दुपारी मोठ्या घरच्या भगवानरावांचा सालगडी भुजंग आला. पत्र्याबाहेर उभा राहून टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मालकानं बोलिवलंय मावशी. ऊस बघायला गेले व्हते, बांधावरून उतरताना पाय मुरगळला. लय सुजलाय."

"दवाखाना हाय की परभणीला," लिंबाजी आतून म्हणाला.

"जाऊन आले की. फोटो काढला. हाड सलामत हाय म्हणले. पट्टी बांधा, पाय उशीवर ठिवा, चोळू नका. मालक म्हणतेत, नुसत्या पट्टीनं काय हुतंय? जिंतूरचा एक चोळणारा आणला, त्यानं असा वढला की रातभर गुरासारखे हंबारले. आंबेहळद झाली, तुरटी झाली, विटकरीचा शेक झाला. आता तुमचा पाय म्हणायलेत."

लिंबाजी हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं.

"आडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"मंग गाढव मी व्हय?" बायनाबाई म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

"जायलीस तू?"

"बघून येते."

"काय बघून येतीस? तुझ्या पायाला काट्याचं कळंना, तू दुसऱ्याचा काय बरा करतीस?"

बायनाबाईनं काठी उचलली. तिला बघायचा होता तो भगवानरावांचा घोटा नव्हता.

आळीतून काठी टेकत जाताना तिला कुणी थांबवलं नाही, कुणी बोललं नाही. दारातल्या बाया सुपात तोंड घालून निवडत राहिल्या. तिलाही त्यांचं काही वाटलं नाही. आखाडापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. घराची राख उपसताना डोळ्यात टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणाले, लय धीराची बाई. धीर कसला! पाय बधिर झाला होता तशीच ती वरपर्यंत बधिर झाली होती.

त्या रात्रीचं तिनं सगळ्यांना एकच सांगितलं होतं. लिंबाजी म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन कपाशीत पळाला. ती शेळी सोडायला मागं फिरली, आणि पळताना ओढ्यात पडली, तिथं पाय मोडला. शेळी सोडायला फिरली हे खरं. ओढ्यात पडली हेही खरं. मधलं एक तिनं गिळलं होतं. वाट अडली तेव्हा ती भगवानरावांच्या परसदारी गेली होती. ज्या घरातल्या सासऱ्यापासून नातवापर्यंत सगळ्यांना आपला पाय लागलाय ते दार उघडणारच, अशी तिची खात्री होती. तिनं दार ठोठावलं आणि हाक दिली. दुसरं काही सुचेना म्हणून नेहमीचीच हाक दिली, "पाय आलाय जी! मालक, पाय आलाय!" दाराच्या फटीतून कंदिलाचा उजेड दिसत होता. दार उघडलं नाही. आळीत पलिते आले तशी ती परसाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडं खाली ओढ्यात तिनं उडी टाकली.

आता उजेडाचं काय, त्या घरात कंदील बारीक करून रातभर ठेवायची रीतच होती. पाऊस होता, गलका होता. झोपली असतील माणसं. हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते पाठ झालं होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी भगवानरावांनीच बौद्धवाड्यात ज्वारीचं पोतं पाठवलं होतं, न मागता. ऐकलं असतं तर उघडलं नसतं का? म्हणून तर परसदाराचं ती कुणाला बोलली नाही. लिंबाजीलासुद्धा नाही. बोललं की ते खरं झालं असतं, आणि मग या गावात राहायचं कुठल्या तोंडानं?

तिनं परसदारी येऊन काठी भिंतीला लावली. हाक द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आधीच दार उघडलं. भगवानरावांची बायको रुख्मिणी हातात तांब्या घेऊन उभी होती.

"ये माय, ये. केवढी वाळलीस गं!"

परसात चुलीवर तपेलं चढलं होतं. मालकाच्या आंघोळीचं पाणी आधीच तापत होतं. रुख्मिणीनं वरून धार धरली. बायनाबाई डाव्या पायावर उभी राहिली, उजवा पुढं केला. पाणी पडताना दिसत होतं, एवढंच. वाकडा घोटा बघून रुख्मिणीची धार हलली.

भगवानराव बाजेवर पडले होते. पाय उशीवर, त्यावर हळदीचे थर, सुजून तकतकीत झालेला. गडी तसा दांडगा, पण चार दिवसांत उतरला होता.

"बायने, आलीस व्हय," ते म्हणाले. "लय ठणकायलाय बघ. जीव नको झाला."

"कुठं मुरगळला जी?"

"बाहिरल्या अंगानं. हितं."

बायनाबाईनं बाजेचा खूर धरला, उजवा पाय उचलला आणि त्या सुजेवर ठेवला. भगवानरावांनी डोळे मिटले. तिच्या पायाखाली काहीच नव्हतं; माणूस नव्हता, हळद नव्हती, ऊन नव्हतं, गार नव्हतं. दगडावर दगड ठेवावा तसा तिनं पाय ठेवला आणि उचलला. एक झालं.

चुलीवरच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. रुख्मिणीला ती शांतता सोसेना असं दिसलं. ती पदराशी चाळा करत राहिली, मग बोलायला लागली.

"वाईट झालं बाई तुमचं. आपल्या गावात असं कधी व्हतं का? बाहिरगावची पोरं आली म्हणतेत. आमी तर त्या राती आशे ढाराढूर झोपलो व्हतो."

"व्हय का," बायनाबाई म्हणाली, आणि पाय पुन्हा ठेवला.

"तर काय! सकाळी उठून कळालं. आता परसदारी कुणी येऊन 'पाय आलाय, पाय आलाय' म्हणून वरडलं आसंल, तरी आमाला काय ऐकू आलं न्हाई माय. तुझी आण."

भगवानरावांचे डोळे उघडले. त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि त्यांचा घोटा दचकून हलला.

तो बायनाबाईला कळला. तळव्याखाली कुणीतरी हलल्याचं कळलं. मग ऊब कळली, ओल्या हळदीचा चिकटा कळला, आणि त्याच्या मागोमाग तिच्या स्वतःच्या घोट्यातून अशी कळ उठली की ती थेट कमरेपर्यंत गेली. तिनं बाजेचा खूर घट्ट धरला. परसदाराचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

रुख्मिणी तांब्याकडं बघत होती. आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं असावं.

बायनाबाईनं पाय खाली घेतला.

"बायने," भगवानराव म्हणाले. "दोनच झाले."

"व्हय जी."

"तिसरा?"

तिनं पदरानं आपल्या तळव्याची हळद पुसली, नीट पुसली, बोटांच्या बेचक्यातलीसुद्धा.

"दवाखान्याची पट्टी बांधा मालक. डॉक्टर खरं सांगायलाय," ती म्हणाली. मग दाराशी गेली, काठी घेतली आणि मागं वळली. "पाणी उतू जायलंय, मालकीणबाई. आंघोळ घाला त्यास्नी."

आळीतून परत येताना पाऊल टेकलं की कळ यायची, उचललं की यायची. खडा रुतला, तो कळला. भाजलेली धूळ कळली. आणि मग तिला रडू आलं. भर दुपारी, बाया सुपातून माना वर करून बघत असताना, ती हुंदके देत रस्त्यानं चालली. घराची, शेळीची, त्या दाराची, सगळ्याची दुखणी एकदम आली. मेल्या होत्या त्या सगळ्या जागा ठणकत होत्या.

लिंबाजी पत्र्याबाहेर धावत आला.

"काय झालं गं? काय म्हणले? हात लावला का कुणी?"

तिनं मान हलवली. खाली बसली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला.

"पाय दुखायलाय," ती म्हणाली.

लिंबाजीला आधी कळलंच नाही. मग तो तिच्यापुढं उकिडवा बसला, बोटानं तिच्या अंगठ्याला शिवला, आणि ती "आई गं" म्हणाली तसा लेकरासारखा हसायला लागला. किती दिवसांनी हसला होता बिचारा.

"खरंच दुखायलाय? आगं, मंग रडतीस कशाला येडे? जिता झाला की पाय! पायाळूचा पाय हाय तो, असा मरंल व्हय? आता गावात पुन्ना बोलावणी येतेल बघ तुला."

बायनाबाईनं डोळे पुसले. पत्र्याखाली जायला उठली, काठी न घेता, लंगडत. आत जाऊन तिनं दांडीवरचं लुगडं ओढलं, जमिनीवर पसरलं आणि त्यात जर्मनचं पातेलं ठेवलं, तांब्या ठेवला, तवा ठेवला.

"काय करायलीस?" लिंबाजीनं दारातून विचारलं.

"पिंगळीपस्तोर चालंल हा पाय," ती म्हणाली आणि गाठोड्याची गाठ मारली.