न हलणारं डोकं

हसणं हा मानवजातीचा सर्वांत मोठा शोध आहे. अग्नी आणि चाक नंतरचे. हे वाक्य मी सकाळी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "बरं. पाय वर घ्या, फरशी पुसायचीय."

माझ्या विनोदाला ती आजवर हसलेली नाही. लग्नाआधी एकदा हसली होती, पण तेव्हा मी घसरून पडलो होतो.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती प्रयोगशाळेत एमआरआय मशीनवर संशोधन करते. विनोद ऐकताना मेंदूत रक्त कुठे जास्त धावतं, त्याची चित्रं काढते. एक विनोद, मग एक रुक्ष वाक्य, मग दोन्हींतला फरक. अडचण अशी, की ज्यांना हसू येतं त्यांचं डोकं हलतं आणि चित्र फिसकटतं. ज्यांचं हलत नाही त्यांना मुळात हसूच येत नाही, त्यामुळे काही उजळत नाही. एक डोकं कमी पडत होतं आणि उद्यापासून मशीन दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं.

"मामा, विनोद तुझेच घेतलेत. तूच ये."

मी गेलो. सोबत बायकोला नेलं, निदान प्रेक्षक म्हणून.

लोखंड चालत नाही म्हणून पट्टा काढून घेतला. पँट मुठीत धरून मी आडवा झालो. डोक्याभोवती पिंजरा बसवला, मला बोगद्यात सरकवलं, आणि वरच्या मजल्यावर सुतार-लोहारांची जुंपावी तसा ठोकाठोकीचा आवाज सुरू झाला. मग कानात मशीन चालवणाऱ्या गृहस्थांचा आवाज आला, शोकसभेत वापरावा असा.

"विनोद पहिला. कृपया हसू नये."

संपलं. विनोद सुरू व्हायच्या आतच मी पिंजऱ्यासकट गदगदू लागलो.

बाहेर काढून भाचीने चित्र दाखवलं. माझा मेंदू तव्यावर फुटलेल्या अंड्यासारखा दिसत होता.

"स्वतःच्याच विनोदाला हसलास?"

"विनोदाला नाही गं, ह्यांच्या वाचनाला."

"मी नेहमी असंच वाचतो," गृहस्थ दुखावून म्हणाले.

भाचीचा चेहरा पडला. तेव्हा कोपऱ्यातून बायको म्हणाली, "मी झोपते. ह्यांचेच विनोद ना? मी नाही हलत."

ती हसत नाही, हे आजवर तिचं मत होतं. आता ते विज्ञान होणार होतं, फोटोसकट.

तिच्या अंबाड्यातून पिना निघू लागल्या. संपता संपेनात; भाचीने आधी तळहात पुढे केला होता, मग वाडगा आणला. बायको आत गेली. वाचायला ह्या वेळी माइकसमोर मी बसलो.

"टेबलाला चार पाय असतात," मी वाचलं.

"मामा, रुक्ष वाक्याला सूर लावू नकोस."

पडद्यावरचं ढोबळ चित्र करडंच होतं. मी घसा खाकरला.

"शेजाऱ्यांनी चोरांसाठी कुत्रा पाळला. चोरांना फार आवडला. घेऊन गेले."

हा विनोद तिने इतक्यांदा ऐकलाय, की पाहुण्यांसमोर ती तो संपायच्या आत चहा टाकायला उठते. पडद्यावर काही झालं नाही. मग एक नारिंगी ठिपका आला. त्याच्या शेजारी दुसरा.

"आमचा साहेब इतका शिस्तीचा, की शिंक आली तरी आधी रजा मंजूर करून घ्यायचा."

ठिपके पसरले.

"मामा, पेटलं!" भाचीने माझा दंड धरला. "पुढचा वाच, पुढचा!"

मी वाचत सुटलो. रुक्ष वाक्याला अंधार, विनोदाला रोषणाई! आणि डोकं? तसूभरही हललं नाही.

"इतकं स्थिर डोकं," गृहस्थ उभे राहत म्हणाले, "मी फक्त कलिंगडाचं पाहिलंय."

शेवटचं वाक्य संपताच मी आणि भाची खोलीभर नाचलो. पट्टा नाही हे मला दुसऱ्या गिरकीला आठवलं, पँटला पहिल्याच. शोकसभेचे गृहस्थ खुर्चीत कोसळून हसू लागले.

बायको बाहेर आली. केस पिंजारलेले, चेहरा नेहमीचा. मी पँट सावरत पडद्याकडे बोट दाखवून विचारलं,

"हे काय आहे?"

तिने निरखून पाहिलं. "तुमचे विनोद आवडायचे की मला."

"मग इतकी वर्षं हसली का नाहीस?"

"हसले असते तर तुम्ही थांबला असतात का?"

भाचीने तोंडावर हात दाबला. मी काहीतरी चिरंतन बोलणार होतो, तेवढ्यात बायकोने हात पुढे केला.

"अहो, तो वाडगा द्या इकडे. केस डोळ्यांत जातायत."