गिरणीवरचा डबा

अज्ञानाचा राजेश्रीला कधी राग आला नाही. ते रोज वर्गात समोर बसलेले असे आणि ते घालवण्याचाच तिला पगार मिळे. तिचा राग होता आत्मविश्वासावर, आणि तो हल्ली घरातच मुक्कामाला होता.

दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याने, जीवनने, परभणीहून एक लाल शंकू आणला. मोटारीच्या इंजिनाला हवा गाळून देणारी काळी बंद पेटी त्याने स्वहस्ते उपटली आणि तिच्या जागी, बॉनेटखाली उघड्यावर, तेल लावलेल्या सुती जाळीचा तो शंकू बसवला. इंजिनाचा श्वास मोकळा झाला की ताकद वाढते, हे ज्ञान त्याला मोबाइलवरच्या एका व्हिडिओने दिले होते. व्हिडिओतला ज्ञानी तो शंकू विकतही होता. जीवनला हा निव्वळ योगायोग वाटला.

मोटार राजेश्रीची होती. वालूरला राहून सेलूच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे, तर पहिल्या तासाला पोचवणारी एसटी नव्हती. मोटार होती म्हणून नोकरी होती. ती बंद पडली की "आता ऱ्हावा घरीच" हे सासूबाईंचे, चतुराबाईंचे, वाक्य कधीपासून तयार होते. त्यात सेलूत शिरणारा रस्ता कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकांवरून जाई आणि हंगामात तिथली हवाच पांढरी असे. बघता बघता लाल शंकूला रुईची लोकर आली. मोटार चढावर कण्हू लागली.

"अहो, पेटी बाहेरची गार हवा घेत होती. तुमचा शंकू इंजिनाच्या उष्म्यातली हवा पितो. गरम हवा विरळ असते. ताकद वाढणार कुठून?"

"पुस्तकातलं सांगू नको. आवाज ऐक की! वाघावानी गुरगुरायलीय."

"कण्हतेय ती."

"तुला काय कळतंय? मुक्या गाड्या कुठं पळत्यात का?"

यावर शांतपणे उत्तर देण्याइतके सौजन्य राजेश्रीजवळ उरले नव्हते. तिने परीक्षाच ठेवली. पेटी शोधली, तर चतुराबाईंनी तिच्यात कोंबड्यांची कणी भरून ठेवलेली.

"लय सोयीची व्हती गं," त्या पेटी सोडताना म्हणाल्या. एवढ्या प्रकरणात पेटीचे मोल ओळखणारे घरातले ते पहिलेच माणूस.

रविवारी सेलूच्या सरळ रस्त्यावर जीवननेच गाडी चालवली, वेळ त्याच्याच मोबाइलवर मोजली, आणि शंकूवर अन्याय नको म्हणून राजेश्रीने तो आधी स्वच्छ झटकून दिला. पहिल्या फेरीत शंकू आणि पेटी बरोबरीत आले. इंजिन तापल्यावर शंकू मागे पडला. पुन्हा मोजले, पुन्हा मागे पडला.

"मोबाइलला काय कळतंय!" जीवन म्हणाला. "दादांना इचारू. दादांचा कान हाय."

दादा, म्हणजे तिचे सासरे परमेश्वरराव, यांनी जन्मभर गावात पिठाची गिरणी चालवली. तिच्या ऑइल इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक पत्र्याचा डबा बसवलेला असे. त्याची पुकपुक शिवारभर ऐकू जाई आणि बाया दळणाची पाटी घेऊन निघत. त्या पुकपुकीवरच जीवन लहानाचा मोठा झाला. त्याचे सगळे पदार्थविज्ञान त्या डब्यात होते.

ओट्यावर बसून परमेश्वररावांनी दोन्ही आवाज ऐकले. "शंकूचा भारी हाय," ते म्हणाले.

जीवनच्या चेहऱ्यावर पोळा भरला.

"मामा," राजेश्रीने विचारले, "गिरणीवर डबा असला की पीठ जास्त पडायचं का हो?"

म्हातारा खळखळून हसला. "कशाचं पीठ! डब्यानं धूर अडायचा, इंजिन दमायचं. सुगीत गर्दी झाली की मी काढून ठेवायचो."

"मग बसवायचा कशाला?"

"गिरणी चालू हाय हे गावाला कळाया नको? डबा हाका मारायला. दळायचं काम जात्याचं."

जीवनने इंजिन बंद केले. "हे मला कधी सांगितलं न्हाई, दादा."

"तू कधी इचारलंस? तू आपला डबा वाजला की नाचायचास."

त्याच संध्याकाळी पेटी पुन्हा जागेवर बसली. चतुराबाईंनी कणीसाठी लाल शंकू उलटा धरून पाहिला आणि नाकारला.

सोमवारी मोटार निमूटपणे चढ चढली. वालूरच्या आपल्या दुकानाचा माल आणायला जीवन बरोबर होता. तो कान देऊन ऐकत होता, पण ऐकण्यासारखे काहीच नव्हते. जिनिंगची फाटके मागे पडल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"बघ, कशी खेचायलीय! इतके दिवस शंकूनं इंजिन मोकळं केलं ना, त्याचा गुण आता दिसायलाय."

राजेश्रीजवळ उत्तर होते. जवळजवळ पुस्तकातले एक प्रकरणच होते. पहिल्या तासाची घंटा व्हायला अजून अवकाश होता. तिने गाडी लावली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जीवनपुढे हात पसरला.

"दुसरी किल्लीही द्या."